वडील: हयात, पत्ता माहीत नाही

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदांवर नव्या क्रमाने लिहायची आहेत: आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. उशिरा आलेला पण चांगला निर्णय. ठाण्यात, नवी मुंबईत आज चाळिशी-पन्नाशीत असलेली, लहानपणी ज्यांचा बाप घर सोडून गेला अशी माणसं मात्र जुन्या रकान्यांत वाढली. शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचे नाव’ लिहिता यायचं. ‘व्यवसाय’ आला की पेन थांबायचं.

मराठीत नवऱ्याने सोडलेल्या बाईसाठी शब्द आहेत. बोलीत ‘टाकलेली’, चळवळीत ‘परित्यक्ता’. १९८०च्या दशकात महाराष्ट्रात परित्यक्तांचे मेळावे, परिषदा झाल्या आणि रेशनकार्डापासून पोटगीपर्यंतचे प्रश्न उघडपणे मांडले गेले. तिच्या मुलाला मात्र स्वतःचा शब्द नाही. अनाथ म्हणावं तर बाप जिवंत आहे. पोरका म्हणावं तर आई राबतेय. चाळीत त्याची ओळख एका वाक्यात व्हायची, तीही आवाज उतरवून: “त्याचे वडील नसतात ना इथे.”

सोडलेल्या मुलांचा आपल्याकडचा लिखित इतिहास बहुतेक तान्ह्या बाळांचा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाचा बालकाश्रम सुरू झाला. दोन्हींच्या मागे विधवांची कोंडी होती. या इतिहासात मूल ठेवून जाणारी आई दिसते. तिला त्या दारापर्यंत आणणारा पुरुष जवळजवळ दिसतच नाही. बोलण्यातही तेच. आई गेली तर ‘काळीज नाही तिला’, बाप गेला तर नुसतं ‘निघून गेला’.

कायद्याची नजरही तशीच होती. १८६०च्या दंड संहितेतलं कलम ३१७, आता न्याय संहितेतलं ९३, बारा वर्षांखालच्या मुलाला कुठेतरी कायमचं टाकून देणाऱ्या आईबापाला शिक्षा सांगतं. मुलाला आईजवळ घरीच ठेवून चालता झालेला बाप सहसा त्यात बसत नाही. त्याच्यासाठी पोटगी, आणि तिच्यावरही कितीतरी वर्षं महिना ५०० रुपयांची मर्यादा. १९५६च्या हिंदू पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक आधी बाप आणि त्याच्या ‘नंतर’ आई होती. हा ‘नंतर’ म्हणजे फक्त मृत्यूनंतर नव्हे, तो गैरहजर असतानाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला तो १९९९ मध्ये. तोवर एका शब्दापायी किती आयांनी बँकेच्या आणि शाळेच्या खिडकीवर खेटे घातले असतील!

आता ठाणे. एमआयडीसी १९६२ ची आणि वागळे इस्टेट तिची पहिली वसाहत. साताऱ्याहून, कोकणातून माणसं आली, किसननगर, लोकमान्यनगर भरत गेलं. बरेच जण आधी एकटेच आले होते. बाप मुंबईकडे आणि पोरं गावी आजीजवळ, ही त्या काळी रीतच होती. तिला कुणी सोडून जाणं म्हणत नसे. मनीऑर्डर येत राहिली की बाप होता. ती थांबली की गावात कुजबुज सुरू.

माझ्या ओळखीतली एक बाई त्या भागातली. तिचा बाप वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होता. १९८६ साली, ती आठ वर्षांची असताना, एका रात्री सेकंड शिफ्टवरून परतला नाही. सकाळी आई गेटवर गेली तर कळलं की त्याने आठ दिवसांपूर्वीच हिशोब घेतला होता. म्हणजे आठ दिवस तो रोज डबा घेऊन वेळेवर निघत होता आणि रात्री रिकामा डबा घेऊन परत येत होता. एकदा येताना वडापावही आणला होता. जाण्याचा दिवस तिला फारसा आठवत नाही. ते आठ दिवस आठवतात, कारण त्यांत काहीच वेगळं नव्हतं. आता तिचा नवरा ऐरोलीला नोकरी करतो, सरळ माणूस आहे. घरात भांडण असलं की ती निर्धास्त असते. सगळं सुरळीत चाललं की तिची झोप उडते. कितीतरी वर्षं ती त्याला मोबाइलवर नाही, ऑफिसच्या लँडलाइनवर फोन करायची.

हे असं का होतं, याचा शोध दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला जोरात सुरू झाला. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९४४ मध्ये चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास मांडला. कुणाबद्दलच माया न वाटणारी त्यांतली १४. त्या १४ पैकी १२ जणांची लहान वयात आईपासून दीर्घ ताटातूट झाली होती. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्याने याच विषयावर अहवाल लिहिला. बापाला त्यात दुय्यम जागा होती आणि टीकाही पुष्कळ झाली. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मायकेल रटर या दुसऱ्या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाचं काम, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचं. आजारपणामुळे झालेली ताटातूट आणि घरातल्या तंट्यातून झालेली ताटातूट त्याने वेगळी काढली. मुलांचं वागणं बिघडलेलं दिसलं ते मुख्यतः दुसऱ्या प्रकारात. बाप मेला आणि बाप गेला, यांत मुलाच्या लेखी मोठा फरक आहे.

त्याच दशकात अमेरिकेत पॉलिन बॉस ही संशोधक व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांशी बोलत होती. माणूस नाही, पण गेला असंही म्हणता येत नाही, अशा दुःखाला तिने वेगळं नाव दिलं. आपल्याला ते समजायला अवघड नाही. मेलेल्याचा तेरावा असतो, वर्षश्राद्ध असतं, सर्वपित्रीला पान असतं. निघून गेलेल्याचं काहीच नसतं. त्या बाईची आई पुढे कितीतरी वर्षं वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळत होती. मुलगी बाजूला ताट धरून उभी.

यावर बोलायचं कुठे? ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, आणि त्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ हा महाराष्ट्रभर विनोद. खुद्द ठाणेकराने मनाचं दुखणं कुणाला सांगायचं म्हणजे पंचाईतच. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी इथेच आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, तेव्हा समुपदेशन हा शब्दही लोकांना नवा होता. पलीकडे नवी मुंबईत बंद दारांच्या फ्लॅटमध्ये निराळीच सोय झाली: “बाबा दुबईला असतात.”

सगळीच मुलं मोडत नाहीत. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक दशकं माग ठेवला. कठीण घरांतली साधारण एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली आणि त्यांच्या मागे बहुतेक वेळा एखादं टिकून राहिलेलं मोठं माणूस होतं. आपल्याकडे ती आजी असते, नाहीतर मामा. सरकारची बालसंगोपन योजनाही आहे, दरमहा २२५० रुपयांची. तिने वह्या-दप्तर होतं.

आणि एक वळण अलीकडचं. गेलेले बाप आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत, त्यांतले काही परत येतात. २००७च्या कायद्याने आईवडिलांना प्रांताधिकाऱ्याकडे मुलांविरुद्ध निर्वाहाचा अर्ज करता येतो. विवाहित मुलीवरही बापाची जबाबदारी येते, हे तर १९८७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, ठाणे जिल्ह्यातून गेलेल्या एका खटल्यात. ‘सोडून गेलेला बाप’ असा वेगळा रकाना या कायद्यात नाही.

त्या बाईचा बाप अजून आलेला नाही. ऐरोलीच्या ऑफिसने मध्यंतरी लँडलाइन काढून टाकली, तेव्हापासून तिने फोन करणंच सोडलं. नवऱ्याला ती सकाळी नाश्ता करून वाढते, रात्रीचं गरम जेवण त्याच्यासाठी थांबतं. डबा मात्र लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिने कधी दिलेला नाही. तो कँटीनमध्ये जेवतो.