टिंबाच्या उजवीकडची घरे

०.५ मोठे की ०.२५, असे विचारले तर पुष्कळ मुले बेधडक ०.२५ म्हणतात, कारण पाचापेक्षा पंचवीस मोठे हे त्यांना पक्के ठाऊक असते. पूर्ण संख्यांमध्ये जास्त अंकांची संख्या मोठी असते आणि ती सवय टिंब ओलांडूनही सोबत येते. त्यात आपण मोठी माणसे सर्रास ‘शून्य पॉइंट पंचवीस’ म्हणतो. ‘शून्य पूर्णांक पंचवीस शतांश’ हे वाचन लांबलचक खरे, पण त्यात हे पंचवीस कशाचे आहेत ते तरी कळते.

३४७.२५ या संख्येत ४ ची दर्शनी किंमत चारच असली, तरी तो दशकाच्या घरात असल्याने त्याची स्थानिक किंमत ४० होते. एकेक घर उजवीकडे सरकावे तशी घराची किंमत एक दशांश होत जाते आणि एककापाशी हा नियम थांबण्याचे काहीच कारण नाही: पुढे दशांश, मग शतांश, मग सहस्रांश. टिंब फक्त एककाचे घर कोठे संपले एवढेच दाखवते. ‘डावीकडे एकक आहे, मग उजवीकडे एकांश का नाही?’ ही शंका म्हणूनच मला फार आवडते. इथे आरसा टिंबावर नसून एककाच्या घरावर आहे. दशकाच्या समोर दशांश येतो, शतकाच्या समोर शतांश.

रिकामे घर शून्याने राखले नाही तर काय होते, ते सोनाराच्या काट्यावर दिसते. २.०५ ग्रॅम आणि २.५ ग्रॅम यांत ४५० मिलिग्रॅम सोन्याचा फरक आहे. रुपयाचेही तसेच. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, म्हणजे पैसा शतांशाच्या घरात जाऊन बसला. त्यामुळे पंचवीस रुपये पाच पैसे २५.०५ असेच लिहावे लागतात, २५.५ लिहिले की ते साडेपंचवीस रुपये होतात.

मात्र दिसेल ते प्रत्येक टिंब दशांशचिन्ह नसते. क्रिकेटच्या धावफलकावरील ४.३ षटके म्हणजे चार षटके आणि तीन चेंडू, अर्थात साडेचार षटके. तेवढ्यात २७ धावा झाल्या असतील, तर धावगती काढताना २७ ला ४.५ ने भागायचे. उत्तर बरोबर ६ येते. ४.३ ने भागणाऱ्याला ती सुमारे ६.२८ दिसेल.