ग्रामपंचायत निवडणूक : हरलात तरी खर्चाचा हिशोब द्या, नाहीतर पाच वर्षं अपात्र

अर्ज बाद होणं आणि अपात्र ठरणं यात फरक आहे. छाननीत अर्ज बाद झाला की ती एक निवडणूक जाते. अपात्र ठरलात तर निवडून आलेलं पदही जातं किंवा पुढची काही वर्षं उभंच राहता येत नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 मधली कारणं गावात बहुतेकांना माहीत असतात. 12 सप्टेंबर 2001 नंतर झालेलं तिसरं अपत्य, सरकारी जागेवरचं अतिक्रमण, बिल बजावूनही तीन महिन्यांत न भरलेली घरपट्टी-पाणीपट्टी. अतिक्रमण वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच घरात तुम्ही राहत असाल तर तेही अंगलट येतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे.

माणसं खरी अडकतात ती कलम 14-ब मध्ये. निकालापासून 30 दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशोब द्यायचा असतो. विजयी उमेदवार गुलाल उधळण्यात असतो आणि हरलेल्याला वाटतं, आता कसला हिशोब! पण हिशोब दोघांनीही द्यायचा आहे. बिनविरोध आलेल्यानेही द्यायचा आहे.

आमच्याकडची एक ताई थोडक्या मतांनी पडली. जीपभाड्याची, चहा-नाश्त्याची बिलं प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच राहिली आणि दिवाळीच्या साफसफाईत गेली. पुढे नोटीस आली तेव्हा ती पिशवी आठवली. त्यात अपात्रतेची पाच वर्षं मोजायची ती अपात्र ठरवणाऱ्या आदेशाच्या तारखेपासून, निवडणुकीच्या नाही. आदेश उशिरा निघाला की पुढची निवडणूकही हातची जाते. कार्यालयाच्या दिरंगाईचा भुर्दंड उमेदवाराने का सोसायचा, हे मला आजवर पटलेलं नाही.

हिशोब दिला की आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच मागून घ्या. "ठेवा इथे, बघतो" एवढ्यावर परत येऊ नका. कागद गहाळ झाला तर तुमच्या बाजूने बोलायला ती पोचच असते.

नोटीस आलीच तर घाबरून घरी बसू नका. सबळ कारण असेल तर कायदा ते ऐकून घेतो. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडून मुदतीत लेखी खुलासा द्या आणि त्याचीही पोच घ्या.