मुलांमधली सेंट्रल लाईन आणि नर्सचं काम

सेंट्रल लाईन म्हणजे मान, छाती, जांघ नाहीतर दंडातल्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक मऊ नळी, नवजात बाळात तर नाळेतूनच घालतात. केमो, शिरेतून द्यायचं पोषण, आयसीयूमध्ये बीपी टिकवायची औषधं, हे सगळं हातावरच्या छोट्या शिरेला सोसत नाही म्हणून हा खटाटोप. महिनोन् महिने लागणार असेल तर कातडीखालून फिरवून आणलेली ब्रोव्हिॲक किंवा हिकमन लाईन नाहीतर पोर्ट (कातडीखाली बसवलेली, नळीला जोडलेली छोटी डबी) बसवतात. घालतात बहुतेक डॉक्टरच (पिक लाईन, म्हणजे दंडातून घातलेली, बऱ्याच ठिकाणी ट्रेनिंग घेतलेल्या नर्सही घालतात), पण पुढे ती टिकते की बिघडते हे नर्सच्या हातावर असतं.

सगळ्यात मोठी भीती रक्तात इन्फेक्शन जायची, आणि जंतू बरेचदा हबवाटेच, म्हणजे नळीच्या बाहेरच्या टोकाला सिरिंज जोडतात तिथूनच, शिरतात. म्हणून दर वेळी हात धुवून हब अल्कोहोल वाइपने 5 ते 15 सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं, हे वाळू देणंच घाईत राहून जातं. पारदर्शक ड्रेसिंग 7 दिवसांनी, गॉझचं 2 दिवसांनी बदलतात, ओलं झालं किंवा सुटलं तर लगेच. वेळेच्या खूप आधी जन्मलेल्या बाळाची कातडी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने भाजू शकते, तिथे जपून.

फ्लशची, म्हणजे नळी मोकळी ठेवायला सलाईन ढकलण्याची, गंमत बघा, बाळाला सलाईन द्यायचं 1-2 मिली पण सिरिंज घ्यायची 10 मिलीची, कारण छोट्या सिरिंजमध्ये तेवढ्याच जोरात प्रेशर जास्त तयार होतं आणि नळी फुटू शकते. अडलं तर जोर लावायचा नाही, आधी क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) उघडा आहे का, नळी दुमडली आहे का ते बघायचं.

रक्त काढतानाचा हिशोबही वेगळा, 3 किलोच्या बाळात सगळं मिळून रक्त असतं साधारण 250 मिली, त्यात दर तपासणीला नळीतून आधी येणारं सलाईन मिसळलेलं 2 मिली फेकून दिलं तर दोन-चार दिवसांत फरक दिसतो, म्हणून शक्य तितक्या तपासण्या एकदम काढतात.

आणि मूल काही गप्प पडून राहत नाही, नळी ओढतं, चावतं, म्हणून तिचा वेटोळा करून कपड्याखाली चिकटवतात. लाईनची गरज अजून आहे का हे रोज राउंडला विचारायचं, नसेल तर काढायची, काढल्यावर जागा दाबून धरायची आणि नळी टोकासकट पूर्ण आली ना ते बघून लिहून ठेवायचं.