पंप गेला, की पंपापर्यंत पेट्रोल पोचलंच नाही?

काटा पाव टाकीवर आहे आणि गाडी गचके देत बंद पडते. स्टार्टर मारला की इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. "फ्युएल पंप गेला," हे निदान लगेच होतं. गेलाही असेल. पण बऱ्याच जुन्या ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या, गाड्यांच्या टाकीत पंप म्हणावं अशा दोन वस्तू असतात, आणि कुठलीही बिघडली तरी रस्त्यात उभं राहायची पाळी तीच.

मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, गाडीच्या मधोमध असतो. त्याला वाट द्यायची म्हणून टाकी त्याच्यावर खोगिरासारखी बसवतात : मधे उंचवटा, दोन बाजूंना दोन खोलगट कप्पे. इलेक्ट्रिक पंप यातल्या एकाच कप्प्यात. पेट्रोल उंचवट्याच्या वर आहे तोवर काही अडत नाही, दोन्ही कप्पे एकच. पातळी खाली गेली की पलीकडचं पेट्रोल तिकडेच राहतं. ते अलीकडे ओढून आणतो तो जेट पंप. त्याला ना मोटर, ना वायर. इलेक्ट्रिक पंपाकडून आलेलं थोडं पेट्रोल बारीक छिद्रातून जोरात सुटतं, तिथला दाब उतरतो आणि नळीवाटे पलीकडचं पेट्रोल ओढलं जातं. छिद्रात कचरा बसला किंवा नळी तडकली की ओढ संपली.

म्हणून पहिला प्रश्न : टाकी भरलेली असताना गाडी कशी चालते? जेट पंप बिघडलेली गाडी भरल्या टाकीवर अगदी शहाण्यासारखी चालते आणि काटा उतरला की रुसते. काटा खोटं बोलत नसतो. सहसा दोन्ही कप्प्यांत पातळी मोजणारे वेगवेगळे तरंगते फ्लोट असतात आणि काटा दोघांची बेरीज दाखवतो. पेट्रोल आहे, फक्त नको त्या बाजूला. फ्लोटचे रीडिंग वेगवेगळे घेतले की एक कप्पा कोरडा आणि दुसरा बऱ्यापैकी भरलेला सापडतो.

इलेक्ट्रिक पंपाला काट्याशी देणंघेणं नाही, तो भरल्या टाकीतही मरतो. इंजिन सुरू न करता चावी 'ऑन' केली की मागच्या सीटखालून साधारण २ सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) पाहा. रिले बदलणं पंपापेक्षा किती सोपं, हे सांगायला नको. पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज येतंय, अर्थिंग ठीक आहे, तरी पंप मुका, तर तो गेलाच. टाकीवर खालून बुक्की मारल्यावर गाडी सुरू झाली तरी खूश होऊ नका, मोटरला आत वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश झिजलेत. आवाज येतो पण जोर नाही, अशा वेळी प्रेशर गेज लावावा लागतो. जुन्या पेट्रोल इंजेक्शन गाड्यांत दाब साधारण ३ बारच्या आसपास असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये.

खरा घोळ होतो पंप बदलताना. कप्पे जोडणारी बारीक नळी पंपाच्या मॉड्यूलला, म्हणजे पंप ज्यात बसवलाय त्या सांगाड्याला, अडकवलेली असते. झाकण उघडून मॉड्यूल वर ओढलं की ती सुटते, आणि बसवताना हात आत नीट पोचत नाही म्हणून तशीच राहते. नवा पंप, जोरदार दाब, आणि पुढच्या आठवड्यात पाव टाकीवर गाडी पुन्हा उभी. दोष पंपाच्या माथी.

नळी बदलायची वेळ आली तर पेट्रोलमध्ये बुडून टिकणारीच घ्या. साधी फ्युएल नळी आतून पेट्रोल सोसते, बाहेरून सोसत नाही. काम मोकळ्या हवेत करा, पेट्रोल कमी असताना, आधी लाइनमधला दाब उतरवून आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढून. झाकण आवळून धरणाऱ्या लॉक रिंगला पोलादी हातोडा लावू नका, ठिणगी पडते. झाकणाची ओ-रिंग (रबरी कडं) नवीच टाका, जुनी फुगलेली असते आणि खाचेत बसत नाही.

नंतर अर्ध्याहून कमी पेट्रोलवर गाडी चालवून दोन्ही फ्लोटचे रीडिंग पुन्हा घ्या. पलीकडचा कप्पा आधी रिकामा होत असेल, तर नळी जागेवर बसली आहे.