शाही पर्यटन रेल्वे (उत्तर भारत)

शाही पर्यटन रेल्वे : निवास, भोजन, सेवकवर्ग आणि मार्गदर्शक यांच्यासह संपूर्ण गाडी एकाच सहलीसाठी राखून, ठरलेल्या स्थळांच्या वर्तुळावर चालवला जाणारा रेल्वेप्रवास. या प्रकारात गाडी हे नुसते वाहन नसते, तर प्रवाशाच्या मुक्कामाचे घरही तीच असते. सामान पहिल्या दिवशी खोलीत लावले की ते सहल संपेपर्यंत उचलावे लागत नाही. रात्री गाडी चालते, सकाळी नव्या गावाच्या फलाटाला लागते, दिवसभर प्रवासी गाव पाहतात आणि संध्याकाळी पुन्हा आपल्याच खोलीत परततात. गालिचे, कोरीव लाकूडकाम आणि उंची भोजन यांची वर्णने जाहिरातींत ठळक असली, तरी या प्रवासाचे खरे वैशिष्ट्य रात्र आणि दिवस यांच्या या वाटणीत आहे. दिल्ली, राजस्थान, आग्रा आणि काशी यांच्या परिसरात परस्परांपासून एका रात्रीच्या अंतरावर असलेली इतिहासप्रसिद्ध स्थळे दाटीने वसलेली असल्यामुळे ही पद्धत उत्तर भारतात विशेष रुजली.

या कल्पनेचे मूळ संस्थानी काळातील सलून डब्यांत आहे. संस्थानिक, व्हाइसरॉय आणि वरिष्ठ रेल्वे अधिकारी यांच्यासाठी झोपण्याची खोली, बैठक, न्हाणीघर आणि नोकरांची जागा असलेले स्वतंत्र डबे बांधले जात व ते नेहमीच्या गाडीला जोडून नेले जात. रेल्वे हा त्या काळी संस्थानांच्या प्रतिष्ठेचा विषय होता. जोधपूर, बिकानेर, जयपूर, ग्वाल्हेर यांनी स्वतःचे लोहमार्ग टाकले, आणि दक्षिण महाराष्ट्रातील लहान संस्थानेही त्यात मागे राहिली नाहीत. मिरज ते सांगली हा छोटा फाटा सांगली संस्थानाची रेल्वे म्हणून १९०७ मध्ये सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखेही बंद झाले आणि सलून डबे निरुपयोगी होऊन यार्डात उभे राहिले. अशा जुन्या डब्यांची एक गाडी करून ती प्रामुख्याने परदेशी पर्यटकांसाठी चालवावी, या विचारातून भारतीय रेल्वे आणि राजस्थान पर्यटन विकास महामंडळ यांनी २६ जानेवारी १९८२ रोजी ‘पॅलेस ऑन व्हील्स’ सुरू केली.

ही पहिली गाडी मीटर गेजवर, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवर धावत असे, कारण राजस्थानातील बहुतेक मार्ग तेव्हा त्याच मापाचे होते. पुढे ते मार्ग १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉड गेजमध्ये बदलू लागले, तेव्हा जुन्या डब्यांना धावायला रूळच उरेनात, आणि १९९५ मध्ये ब्रॉड गेजसाठी बांधलेले नवे डबे वापरात आले. म्हणून आज त्या गाडीत बसणारा प्रवासी राजाच्या प्रत्यक्ष सलूनमध्ये बसत नाही; तो त्या सलूनच्या आठवणीवर बेतलेल्या डब्यात बसतो. जाहिरातींत हा फरक अनेकदा पुसट केला जातो, पण तो ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. गेजबदल म्हणजे काय हे मिरजेला समजावून सांगावे लागत नाही. ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही मापांचे रूळ एकाच गावात आलेले मिरज हे मोजक्या जंक्शनांपैकी एक होते, आणि पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग ब्रॉड गेज होण्यापूर्वी पुण्याकडून येणारी मीटर गेजची गाडी पाहिलेली पिढी तेथे अजूनही आहे.

‘पॅलेस ऑन व्हील्स’चा आठवड्याचा क्रम या साऱ्या व्यवसायाचा नमुना ठरला. गाडी बुधवारी संध्याकाळी दिल्लीच्या सफदरजंग स्थानकातून निघते; गुरुवारी जयपूर, शुक्रवारी सवाई माधोपूर आणि चित्तोडगड, शनिवारी उदयपूर, रविवारी जैसलमेर, सोमवारी जोधपूर, मंगळवारी भरतपूर आणि आग्रा असे करीत पुढच्या बुधवारी सकाळी ती दिल्लीला परतते. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, आणि या क्रमात आग्र्याचा दिवस मंगळवार येत असल्यामुळे ती अडचण उद्भवत नाही. सप्टेंबर ते एप्रिल हा हंगाम आहे, कारण मे-जूनच्या उन्हात जैसलमेरच्या पिवळ्या दगडी किल्ल्यावर दुपारी उभे राहणे कोणालाही सुखाचे नसते. गाडीतील प्रवासी डब्यांना राजस्थानातील पूर्वीच्या संस्थानांची नावे आहेत, भोजनाच्या दोन डब्यांना ‘महाराजा’ आणि ‘महाराणी’ म्हणतात, व प्रत्येक डब्याच्या दिमतीला असलेल्या सेवकाला खिदमतगार असे म्हणतात. साथीच्या काळात, २०२० मध्ये ही गाडी थांबली होती. २०२२ मध्ये ती पुन्हा धावू लागली.

राजस्थानच्या यशानंतर इतर राज्यांनीही अशा गाड्या काढल्या. महाराष्ट्राची ‘डेक्कन ओडिसी’ २००४ मध्ये आणि कर्नाटकाची ‘गोल्डन चॅरियट’ २००८ मध्ये सुरू झाली. उत्तरेत मात्र सर्वांत महागडी ठरली ती मार्च २०१० मध्ये सुरू झालेली ‘महाराजाज एक्सप्रेस’. भारतीय रेल्वे खानपान आणि पर्यटन महामंडळ, म्हणजे सर्वांच्या परिचयाचे आयआरसीटीसी, ही गाडी चालवते. राजस्थान, आग्रा, ओरछा, खजुराहो आणि वाराणसी ही स्थळे तिच्या निरनिराळ्या सहलींत येतात. ही गाडी तेवीस डब्यांची आहे, पण तिच्यात प्रवासी नव्वदसुद्धा नसतात. नेहमीच्या शयनयानाच्या एका डब्यात बहात्तर ते ऐंशी बर्थ असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या ऐसपैसपणाचा अंदाज येतो. ‘नवरत्न’ नावाचा कक्ष तर एक संपूर्ण डबा व्यापतो. सहलीचे भाडे माणशी काही लाख रुपयांच्या घरात जाते. भाडे डोळे फिरवणारे आहे हे खरे. पण ज्या गाडीत प्रवाशांच्या खोल्यांखेरीज स्वयंपाकघर, भोजनगृह, सेवकांची निवासव्यवस्था आणि जनित्र यांनाही बरीच जागा लागते, ती चालवण्याचा खर्च थोड्याच माणसांत वाटला जाणार, हे त्यामागचे साधे गणित आहे.

प्रवाशाला न दिसणारी बाजू अशी की, गाडी दिवसभर उभी राहायची म्हणजे गजबजलेल्या स्थानकात तिच्यासाठी एक मार्गिका अडवून ठेवावी लागते. तेथे पाणी भरणे, डबे धुणे, कचरा उतरवणे, ताजी भाजी आणि दूध चढवणे ही कामे प्रवासी गावात असताना उरकली जातात, आणि वातानुकूलनासाठी गाडीतला जनित्र डबा सुरू ठेवावा लागतो. रात्रीचे धावणे नेहमीच्या गाड्यांच्या वेळापत्रकात बसवायचे असते, त्यामुळे जेवणाच्या वेळा आणि गावात पोहोचण्याच्या वेळाही रेल्वेच्या सोयीला बांधलेल्या राहतात. मार्गदर्शकांचे काम दोन थरांत चालते. सहलीसोबत राहणारा व्यवस्थापक आरंभापासून अखेरपर्यंत तोच असतो, तर स्मारके दाखवणारा परवानाधारक मार्गदर्शक त्या त्या गावचा असतो. सहलीचे यश बहुतांशी या दुसऱ्या माणसावर अवलंबून असते. त्याला एका सकाळी आमेरचा किल्ला, जंतरमंतर आणि हवामहल दाखवायचे असतात, आणि समोरच्या गटाला भारताच्या इतिहासाची ओळख असेलच असे तो धरून चालू शकत नाही. त्यामुळे त्याचे निवेदन राजवाडे, राण्या आणि प्रेमकथा यांकडे झुकते.

उत्तर भारताच्या मार्गदर्शित रेल्वेसहलींत कालका–शिमला मार्गाचाही समावेश होतो. १९०३ मध्ये सुरू झालेला हा सुमारे ९६ किलोमीटरचा डोंगरी मार्ग २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याचे रूळ ७६२ मिलिमीटर मापाचे आहेत. बार्शी लाइट रेल्वेची मिरजेपर्यंत आलेली आणि वारकऱ्यांना पंढरपूरला नेणारी छोटी गाडीही याच मापाची होती.

सातारा आणि सांगली भागातील मराठी प्रवाशाने या सहलीकडे कसे पाहावे, हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. कारण ज्या स्थानकांवर गाडी थांबते, त्यांतली अनेक त्याच्या स्वतःच्या इतिहासाशी जोडलेली आहेत, आणि नेमका तोच धागा निवेदनात बहुधा गळतो. जयपूरजवळचे आमेर हे मिर्झाराजे जयसिंग यांचे. १६६५ मध्ये पुरंदरचा तह त्यांच्याशी झाला, तेवीस किल्ले द्यावे लागले, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांना आग्र्याला जावे लागले. शाहजहानचा मृत्यू जानेवारी १६६६ मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात झाला होता. त्यानंतर औरंगजेबाने तेथे दरबार भरवला आणि १२ मे रोजी महाराज त्या दरबारात उभे राहिले. नजरकैदेच्या काळात महाराजांची जबाबदारी जयसिंगांचे पुत्र रामसिंग यांच्यावर होती, आणि ऑगस्टमध्ये महाराज तेथून निसटले. शाही गाडीच्या क्रमात आधी आमेर आणि शेवटी आग्रा येते, म्हणजे ती नकळत याच घटनाक्रमाने चालते. ताजमहालासाठी आलेल्या मराठी प्रवाशाने आग्र्याच्या किल्ल्यासाठी हट्टाने अधिक वेळ मागून घ्यावा, असे येथे आवर्जून सुचवावेसे वाटते. किल्ल्याबाहेर महाराजांचा पुतळा आहे. चित्तोड आणि उदयपूर यांचेही असेच आहे : भोसले घराण्याचा संबंध मेवाडच्या सिसोदियांशी जोडणारी परंपरा १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पुढे आली, आणि तो विधी करणारे गागाभट्ट काशीचे होते.

ग्वाल्हेर हे काही सहलींतच येते. शिंदे घराण्याचे मूळ गाव कण्हेरखेड हे सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात आहे. तेथून निघालेल्या राणोजींचे पुत्र महादजी यांनी १७७१ मध्ये दिल्ली ताब्यात घेऊन मुघल बादशहा शाह आलमला पुन्हा तख्तावर बसवले. १८७४ मध्ये बांधलेल्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर रूळ टाकून चालवली जाणारी चांदीची छोटी आगगाडी आहे. पाहुण्यांसमोर पेय आणि चिरूट ती फिरवीत असे. रेल्वेच्या हौसेचा याहून बोलका नमुना सापडणे कठीण.

काशीचा संबंध सर्वांत जिव्हाळ्याचा आणि सर्वांत दुःखाचा आहे. विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभे केले, गंगेवर शिंदे घाट आणि भोसले घाट आहेत, हे तेथे कोणीही सांगतो. परंतु साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना ईस्ट इंडिया कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले, आणि १८४७ मध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले, ही गोष्ट कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत ठळकपणे येत नाही. त्यांच्यासाठी रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे दाद मागत राहिले. १८४८ मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले. प्रतापसिंहांचा तो प्रवास झाला तेव्हा हिंदुस्थानात प्रवासी रेल्वे सुरू व्हायला अजून चौदा वर्षे होती. सातारकर प्रवासी होडीतून घाटांची आरती पाहत असताना ही आठवण त्याच्याजवळ असावी, एवढे या नोंदीत नमूद करणे अगत्याचे आहे.

प्रत्यक्षात या भागातून शाही गाडीने जाणारे थोडे. तिच्यासाठी आधी दिल्ली गाठावी लागते; मिरज आणि सातारा येथून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा अशा मार्गाने एक दिवस आणि वर काही तासांत पोहोचवते. कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळच्या माहुलीच्या बाजूला, शहराबाहेर असलेल्या सातारा स्थानकावर अपरात्री या गाडीची वाट पाहणाऱ्यांत पर्यटकांपेक्षा गलाई व्यवसायातली कुटुंबेच अधिक परिचयाची. विटा, खानापूर, आटपाडी आणि माण-खटाव भागातून सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरलेल्या या मंडळींना उत्तरेतली सराफी पेठ असलेली शहरे नात्यागोत्यातून ठाऊक असतात. मार्गदर्शित सहल ही कल्पनाही येथे परकी नाही. आचारी, शिधा आणि माहितगार व्यवस्थापक बरोबर घेऊन काशी-प्रयाग-गयेला नेणाऱ्या यात्रा कंपन्या अनेक वर्षे चालत आल्या आहेत, आणि खोली कितीही साधी असली तरी संध्याकाळी गरम वरणभात मिळणे ही त्यांची खरी जमेची बाजू राहिली आहे.

या दोन टोकांमधली जागा नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ‘भारत गौरव’ योजनेने भरून काढली. एखादा विषय घेऊन त्याभोवती आखलेल्या या गाड्यांत भाड्यातच जेवण, निवास, बस आणि मार्गदर्शक येतात. मात्र रात्रीचे काही मुक्काम हॉटेलांत असतात आणि डबे नेहमीच्या शयनयान आणि वातानुकूलित वर्गांचे असतात. याच योजनेत जून २०२५ मध्ये मुंबईहून छत्रपती शिवाजी महाराजांशी संबंधित स्थळांची गाडी निघाली. रायगड, पुणे, शिवनेरी आणि भीमाशंकर पाहून ती साताऱ्याला थांबते, प्रवासी प्रतापगडावर जाऊन येतात आणि गाडी मिरजेवरून कोल्हापूरकडे पुढे जाते.