किंग्ज काउंटी (नोव्हा स्कोशा)

किंग्ज काउंटी : कॅनडाच्या नोव्हा स्कोशा प्रांतातील शेतीप्रधान काउंटी. क्षेत्रफळ सुमारे 2,100 चौ. किमी.; लोकसंख्या 60 हजारांवर. केंटव्हिल, वुल्फव्हिल व बर्विक ही येथील मुख्य गावे.

उत्तरेला बेसॉल्टचा नॉर्थ माउंटन, दक्षिणेला ग्रॅनाइटचा साउथ माउंटन आणि मधे अ‍ॅनापोलिस खोरे. नाव ‘पर्वत’ असले तरी या टेकड्याच. पण उत्तरेकडची रांग फंडी उपसागरावरचे गार वारे व धुके अडवते, म्हणून खोऱ्यात फळे पिकतात. पूर्वेच्या मायनस बेसिनमध्ये (फंडी उपसागराच्या फाट्यात) भरती-ओहोटीतला फरक 16 मीटरपर्यंत जातो. हॉल्स हार्बर बंदरात ओहोटीला होड्या चक्क कोरड्या तळावर टेकतात. ब्लोमिडन भूशिर हे मिगमॉ या मूळ रहिवाशांच्या कथांतील वीरपुरुष ग्लूस्कॅपचे निवासस्थान.

1680च्या दशकापासून ग्राँ-प्रे येथे अकेडियन म्हणजे फ्रेंचभाषक शेतकरी वसले. जंगल तोडण्यापेक्षा त्यांनी समुद्राकडूनच जमीन घेतली. खाजणातले गवत मुळांसकट विटांसारखे कापून त्यांनी बांध रचले आणि बांधाच्या पोटात ‘अबवातो’ बसवला : लाकडी मोरी व तिच्या आत एक झुलती झडप. भरतीच्या रेट्याने झडप मिटते; ओहोटीला शेतातले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. गोव्यातील मानशीचे (खाजणाच्या बांधातील झडपेच्या दाराचे) कामही असेच चालते. दोन-तीन पावसाळी वर्षांत मीठ धुऊन गेले, की खत न घालताही गहू येई.

ही जमीन कसणाऱ्यांकडे राहिली नाही. 5 सप्टेंबर 1755 रोजी कर्नल जॉन विन्स्लोने ग्राँ-प्रेच्या चर्चमध्ये पुरुषांना बोलावून हद्दपारीचा ब्रिटिश हुकूम ऐकवला. या परिसरातून सुमारे 2,200 लोकांना जहाजांत भरून नेले, घरे जाळली. 1760पासून न्यू इंग्लंडमधील (आजच्या अमेरिकेच्या ईशान्य भागातील) ‘प्लँटर’ म्हणजे वसाहतकरी कुटुंबांना त्या जमिनी मिळाल्या. पण 1759च्या वादळाने फुटलेले बांध त्यांना दुरुस्त करता येईनात. मग ब्रिटिशांच्या कैदेतील अकेडियनांनाच, आपल्या गेलेल्या शेतांचे बांध बांधायला जुंपले गेले. ग्राँ-प्रेचा परिसर 2012पासून जागतिक वारसा स्थळ आहे. बांधामागची शेती आजही चालते.

1869मध्ये रेल्वे आली आणि सफरचंदांची पिंपे ब्रिटनला जाऊ लागली. जवळजवळ एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली : ती बाजारपेठ तुटली आणि पुढे अनेकांनी जुन्या बागा उपटल्या. आता सफरचंदाची हनीक्रिस्पसारखी महाग जात, द्राक्षे, कोंबडीपालन व दूध यांवर शेती उभी आहे. वॉटरव्हिलचा मिशेलिन टायर कारखाना, ग्रीनवुडचा हवाई तळ आणि वुल्फव्हिलचे अकेडिया विद्यापीठ शेतीबाहेरचा रोजगार देतात. सफरचंदांच्या तोडणीला मात्र स्थानिक हात पुरत नाहीत. दर हंगामाला जमैका व मेक्सिकोहून मजूर येतात आणि तोडणी उरकली की परततात.