शेकाला दाद न देणाऱ्या गाठी आणि मायक्रोआरएनए

विदर्भात तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की तो खर्ऱ्यापाशी येतोच. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून देणारे पानठेले नागपूरच्या चौकाचौकांत आहेत. त्याची किंमत मोजणारी माणसं तुकडोजी चौकातल्या कॅन्सर हॉस्पिटलात नाहीतर मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात भेटतात. चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवून, जराही न हलता शेक, म्हणजे किरणांचा उपचार (रेडिएशन), घ्यायचा. साधारणपणे रोज 2 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. एवढं सोसूनही एकाची गाठ विरते, दुसऱ्याची तशीच राहते.

असं का होतं, याचा शोध जुना आहे. ज्यांच्या नावाने आज ही मात्रा मोजतात त्या ग्रे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये दाखवलं की ऑक्सिजन कमी असलेल्या पेशी किरणांना सहज बधत नाहीत; त्यांना मारायला अडीच-तीन पट मात्रा लागते. मग अशा पेशींना हळवं करणारी औषधं आली. मिसोनिडाझोलवर मोठी आशा होती, पण हातापायांच्या नसांना इजा होऊ लागली. आज शेकासोबत सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध देतात, तेही गाठ किरणांना हळवी व्हावी म्हणूनच.

मायक्रोआरएनएची गोष्ट अगदी वेगळ्या ठिकाणी सुरू झाली. 1993 मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना एका सूक्ष्म कृमीत जेमतेम 22 अक्षरांचा आरएनए सापडला; अशा इवल्या आरएनएलाच मायक्रोआरएनए म्हणतात. तो स्वतः प्रथिन बनवत नाही, दुसऱ्या जनुकाचा निरोप अडवतो. दोघांना नोबेल मिळालं ते 2024 मध्ये. दरम्यान 2002 मध्ये रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये असे दोन रेणू हरवलेले आढळले, आणि 2007 मध्ये लेट-7 नावाचा मायक्रोआरएनए वाढवल्यावर फुफ्फुसाच्या कॅन्सरपेशी किरणांना जास्त हळव्या होतात हे प्रयोगशाळेत दिसलं.

यामागचं कारण डीएनएच्या डागडुजीत आहे. किरणांनी डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. पेशी ते जोडू शकली तर वाचते. या जोडकामात एटीएम आणि डीएनए-पीके ही प्रथिनं लागतात. मायक्रोआरएनए-101 दोन्हींना आवर घालतो, असं 2010 मध्ये दिसलं. म्हणजे मात्रा तीच ठेवून घाव खोल करता येईल!

पण एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना हात लावतो. मायक्रोआरएनए-34 ची नक्कल करणारं औषध माणसांना देऊन पाहिलं, तेव्हा प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर त्रास झाले, काही रुग्ण दगावले आणि 2016 मध्ये चाचणी थांबवावी लागली. औषध शिरेतून सगळ्या अंगात जात होतं. तोंडाची गाठ मात्र बहुतेकदा डोळ्यांना दिसते, सुईच्या टप्प्यात असते. औषध तेवढ्याच जागी पोचवून पाहायला याहून सोयीची गाठ क्वचितच मिळेल. म्हणून हे काम आपल्याकडच्या खर्ऱ्याच्या रुग्णांना डोळ्यांसमोर ठेवून व्हावं, असं मला कळकळीने वाटतं.